पादचाऱ्याचें मत



१५ जानेवारी २०२६ या दिवशीं महाराष्ट्रांतील २९ महानगरपालिकांसाठीं मतदान झालें. मुंबई व पुणें येथील सभागृहें मार्च २०२२ पासून, तर नवी मुंबई, कोल्हापूर व छत्रपती संभाजीनगर येथील सभागृहें २०२० पासून ओस पडलीं होतीं आणि सारा कारभार प्रशासकांच्या हातीं होता. इतक्या वर्षांनीं कोणी आपल्या दारीं मत मागावयास आला याचेंच पुष्कळांना अप्रूप वाटलें. तो निवडणुकीचा काळ असता तर आज मी जें बोलणार आहें तें नभोवाणीवरून बोलणें उचित ठरलें नसतें. आतां निकाल लागून गेले, गुलाल उधळून झाला, तेव्हां बोलावयास हरकत नाहीं. तरीहि कोणा पक्षाचें किंवा उमेदवाराचें नांव मी घेणार नाहीं. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, नगरसेवक होऊं इच्छिणारा जो कोणी आपल्या उंबरठ्याशीं येईल त्याला पायीं चालणाऱ्याविषयीं व सार्वजनिक बसगाडीविषयीं आधीं विचारावें, आणि ज्याचें उत्तर पटेल त्याच्या पाठीशीं, त्याचा पक्ष कोणताहि असो, उघडपणें उभें राहावें.

हें मत मीं पुस्तकांतून घेतलेलें नाहीं. ज्या शाळेंत मी नोकरीचीं शेवटचीं वर्षें काढलीं तिच्या फाटकासमोर एक वाहता रस्ता आहे. त्याला पदपथ आहे. निदान नकाशांत तरी आहे. प्रत्यक्षांत पहिलीं वीस पावलें दुकानांच्या पायऱ्यांनीं घेतलीं आहेत, त्यापुढें विजेची एक मोठी पेटी आहे, तिच्यापुढें दुचाक्यांची रांग, आणि रांग संपते तेथें कोणाच्या तरी बांधकामाची खडी. मुलें त्यामुळें डांबरावरूनच चालतात. २०१८ सालच्या जून महिन्यांत, शाळा सुरू होऊन आठवडाहि झाला नव्हता, तोंच चौथींतील एक मुलगी उभ्या दुचाक्यांना वळसा घालण्यासाठीं दोन पावलें रस्त्यावर उतरली आणि मागून येणाऱ्या टेंपोखालीं सांपडली. टेंपोवाला प्यालेला नव्हता. फारसा वेगांतहि नव्हता. पंचनामा झाला. वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या.

प्रत्येक शाळेंत जनरल रजिस्टर म्हणून एक जाडजूड वही असते. मुलाचें नांव दाखल झाल्यापासून कमी होईपर्यंतची सारी हकीगत तींत एका आडव्या ओळींत मावते, आणि शेवटीं शाळा सोडल्याचें कारण लिहावयाचा एक रकाना असतो. त्या रकान्यांत मी वर्षानुवर्षें 'पुढील शिक्षणासाठीं' हे दोनच शब्द लिहीत आलों होतों. त्या दिवशीं निराळा शब्द लिहावा लागला. लिहून झाल्यावर कितीतरी वेळ मी ती वही मिटूं शकलों नाहीं. टेंपोवाल्यास कायद्यानें जी शिक्षा व्हावयाची ती होवो; पण त्या मुलीला पदपथावरून खालीं कोणीं उतरविलें, हा प्रश्न पंचनाम्यांत कोठेंच नव्हता.

एका मुलीची गोष्ट म्हणून ही सोडून देतां येत नाहीं. केंद्र सरकारच्या रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षांत देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. भागाकार करून पाहा. दररोज सुमारें नव्वद. एकट्या महाराष्ट्रांतील त्या वर्षाचा एकूण आंकडा १५,२२४ आहे. एखाद्या सांथीनें इतकीं माणसें नेलीं असतीं तर गांवोगांव दवंडी पिटली गेली असती.

आतां कोणी म्हणेल कीं अपघात हा दैवाचा भाग आहे, त्यांत बिचारा नगरसेवक काय करणार? तर याचें उत्तर सातवीच्या मुलालाहि देतां येईल. ताशीं ३० किलोमीटर जाणारी मोटार एका सेकंदांत सव्वाआठ मीटरांहून थोडी अधिक जाते. ताशीं ६० ची त्याच्या दुप्पट. चालकाला समोरचें मूल दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो, आणि तेवढ्यांत दुसरी गाडी सोळा मीटरांपेक्षां जास्त अंतर कापून गेलेली असते. शिवाय वेग दुप्पट झाला कीं धडकेंतील ऊर्जा दुप्पट होत नाहीं, चौपट होते. म्हणजे मूल जगेल कीं मरेल हें चालकाच्या सद्गुणांवर जितकें अवलंबून आहे तितकेंच त्या रस्त्यावर गाडी किती वेगानें नेतां येते यावर आहे. फाटकासमोर फरसबंदीचा उंचवटा करून त्यावरूनच ओलांडण्याचे पट्टे नेले तर कसाहि चालक असला तरी वेग कमी करतो. तो उंचवटा करावा कीं न करावा हें दैव ठरवीत नाहीं, महानगरपालिका ठरविते.

कायदाहि हेंच सांगतो. १९९२ सालीं संसदेनें संमत केलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें राज्यघटनेंत बारावी अनुसूची आली. शहरांतील रस्ते, दिवे, वाहनतळ व बसथांबे हे विषय तींत नमूद आहेत. मुंबईचा महापालिका कायदा १८८८ चा व निराळा आहे; इतर शहरांना १९४९ चा लागू आहे. त्याच्या कलम ६३ मध्यें महापालिकेनीं केलींच पाहिजेत अशीं कामें दिलीं आहेत; सार्वजनिक रस्ते बांधणें, राखणें व त्यांवरील अडथळे दूर करणें हीं त्यांत आहेत. पुढें कलम ६६ मध्यें मर्जी असल्यास करावीं अशीं कामें आहेत, आणि लोकांसाठीं बससेवा चालविणें हें त्यांतलें एक. बारकाईनें पाहण्यासारखी ही जागा आहे. पदपथ मोकळा ठेवणें हें कर्तव्य असून तें होत नाहीं, म्हणून कर्तव्याची आठवण देणारा नगरसेवक हवा. आणि बस ही सभागृहाच्या मर्जीवर आहे, म्हणून ती मर्जी असणारा नगरसेवक हवा. १४ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तर विनाअडथळा पदपथावरून चालण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचें सांगितलें. परंतु न्यायाधीश कांहीं आपल्या आळींत येऊन दुकानाची पायरी मोजणार नाहींत.

बसगाडी ही महापालिकेची मर्जी असली तरी ती आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईंत घोड्यांची ट्राम १८७४ सालीं आली, विजेची १९०७ मध्यें, आणि पहिली बस १५ जुलै १९२६ रोजीं धांवली. ऑगस्ट १९४७ मध्यें, स्वातंत्र्याच्या अगदीं उंबरठ्यावर, मुंबई महापालिकेनें ही सारी सेवा खाजगी कंपनीकडून आपल्या ताब्यांत घेतली. पुण्याची नगर बससेवा १९५० पासूनची. त्या काळच्या नगरपित्यांना वाहतूक हा नफ्याचा धंदा वाटला नाहीं. नळाच्या पाण्यासारखीच ती एक सोय आहे असें त्यांनीं मानलें. आज काय आहे? केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या मानकांत हजार लोकसंख्येमागें ०.६ गाड्या, म्हणजे लाखामागें साठ, ही उत्तम सेवेची पायरी मानली आहे. पुणें व पिंपरी-चिंचवड या दोन शहरांची २०११ च्या जनगणनेंतील लोकसंख्या मिळून सुमारें साडेअठ्ठेचाळीस लाख. त्या जुन्या लोकसंख्येलाच २,९०० गाड्या लागतात, आणि २००७ सालीं एक झालेल्या तेथील परिवहन महामंडळाचा ताफा गेलीं कांहीं वर्षें दोन हजारांच्या आसपास घुटमळत आहे. तोटा झाला तर तो पुण्यानें साठ व पिंपरी-चिंचवडनें चाळीस टक्के या प्रमाणांत सोसावयाचा असतो. म्हणजे गाड्या वाढणार कीं नाहींत हें त्या दोन सभागृहांतील हात वर होण्यावर ठरतें.

आतां आमच्या प्रभागांत काय झालें तें सांगतों. गेल्या डिसेंबरांत आम्ही पांचसात शेजारी एकत्र बसलों. त्यांत एस. टी. चे एक निवृत्त कंडक्टर होते, एक परिचारिका होत्या, आणि चौकांत भाजीची पाटी लावणाऱ्या एक मावशी होत्या. उमेदवारांना विचारावयाचे प्रश्न कागदावर काढावयाचे असें ठरलें. कंडक्टर म्हणाले, "मास्तर, भाषण नको. बस किती मिनिटांनीं येईल तेवढें विचारा. लोक बसमधून उतरून मोटारसायकल घेतात तें हौसेनें घेत नाहींत, वाट पाहून पाहून घेतात." परिचारिकाबाईंना रात्रपाळीहून परततांना थांब्यावर दिवा हवा होता. मीं पदपथाची रुंदी घातली: भारतीय रस्ते महासभेच्या २०१२ च्या निर्देशांप्रमाणें चालावयास मोकळी अशी किमान १.८ मीटर, आणि उंची १५० मिलिमीटरांपेक्षां जास्त नको, नाहींतर म्हातारें माणूस चढणार कसें? येथें मावशींनीं मला थांबविलें. "गुरुजी, फुटपाथ मोकळा म्हणजे आधीं आमच्या पाट्याच उचलतील. मोटारींना कोणी हात लावणार नाहीं." त्यांचें म्हणणें खरें होतें आणि मला तें आधीं सुचलें नव्हतें याची लाज वाटली. २०१४ च्या पथविक्रेत्यांच्या कायद्यानें विक्रेत्यांसाठीं जागा ठरविणारी समिती नेमावयाची असते व तींत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावे लागतात. तेव्हां पदपथावरील मोटारी व दुचाक्या हटविणार काय, आणि मावशींसारख्यांना कायद्याप्रमाणें जागा देणार काय, असा जोडप्रश्न आम्हीं केला. सारे मिळून सहा प्रश्न झाले.

मुंबईखेरीज बाकी शहरांत या वेळीं बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते, हें आपणांस ठाऊक आहे. प्रत्येक मतदाराला चार मतें, अ, ब, क, ड या चार जागांसाठीं एकेक. कित्येकांची अशी समजूत झाली होती कीं चारहि ठिकाणीं एकाच चिन्हापुढचें बटण दाबावें लागतें. तसें मुळींच नाहीं. चार जागांवर चार निराळ्या पक्षांचीं माणसें निवडण्यास कोणाचीच आडकाठी नसते. ही गोष्ट समजावून सांगण्यांतच आमचे दोन आठवडे गेले, आणि मला वाटतें आमच्या सगळ्या खटपटींतला तोच भाग सर्वांत उपयोगी पडला.

एका जागेसाठीं माझाच एक जुना विद्यार्थी उभा होता. मुलगा हुशार, कामसू, कोविडच्या दिवसांत त्यानें घरोघर धान्य पोंचविलें होतें. तो आला, पायां पडला, म्हणाला, "गुरुजी, आशीर्वाद द्या." मीं कागद पुढें केला. त्यानें तो सावकाश वाचला. दुचाक्या व मोटारींच्या प्रश्नाशीं येऊन थांबला आणि म्हणाला, "तुमच्याशीं खोटें बोलवत नाहीं. दुकानदार माझ्यामागें आहेत. त्यांच्या दारांतल्या गाड्या हलवीन म्हटलें तर उद्यांच्या सभेला मला खुर्च्याहि मिळणार नाहींत." वर्गांत मीं त्याला खरें बोलण्यास शिकविलें होतें. त्या घटकेला त्याचें समाधान मानावें कीं दुःख, हें मला समजेना.

त्याच जागेवर एक बाई उभ्या होत्या, ज्यांच्या पक्षाला मीं उभ्या आयुष्यांत मत दिलेलें नाहीं. त्यांनीं "रुंदी किती म्हणालांत?" असें विचारून आंकडा वहींत टिपून घेतला. पांच प्रश्नांना होकार दिला. सहावा प्रश्न असा होता कीं, नव्या उड्डाणपुलापेक्षां पदपथ व बसगाड्या यांना आधीं पैसा देण्यासाठीं सभागृहांत मत द्याल काय? त्यावर त्या म्हणाल्या, "पुलाचा निर्णय पक्ष घेतो. तेवढ्याचा शब्द मी देणार नाहीं." होकारापेक्षां या नकारामुळेंच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आम्हीं पत्रक काढलें: या जागेसाठीं आम्ही खालीं सही करणारे मतदार अमुक उमेदवारास पाठिंबा देत आहों, आणि त्याचीं कारणें हीं. एकशें चौदा सह्या झाल्या. पहिली माझी. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं माझ्या विद्यार्थ्याची आई घरीं आली. ती बसली नाहीं. "गुरुजी, पोराला तुम्हींच घडवलंत, आणि तुम्हींच असं केलंत," एवढें बोलून ती गेली. तिला काय उत्तर द्यावें तें मला आजहि सुचलेलें नाहीं. त्या रजिस्टरांतली ओळ तिला दाखवावी असें क्षणभर मनांत आलें होतें; पण ज्या आईची ती ओळ आहे तिचें दुःख दुसऱ्या आईला गप्प करण्यासाठीं वापरावयाचें नसतें.

दुकानदारांची भीति खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. ती सर्व जगांत आहे. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाच्या राजधानींत, बोगोटा शहरांत, एन्रिके पेन्यालोसा हे १९९८ ते २००० या काळांत महापौर होते. त्यांनीं पदपथांवर उभ्या राहणाऱ्या मोटारी हटविल्या, पदपथ रुंद केले, आणि डिसेंबर २००० मध्यें बसगाड्यांसाठीं राखलेल्या मार्गिकांवरून धांवणारी ट्रान्समिलेनिओ नांवाची सेवा सुरू केली. त्याबद्दल त्यांना व्यापाऱ्यांचा रोष पत्करावा लागला. पुढें ते एकाहून अधिक वेळां निवडणूक हरलेहि, आणि २०१५ सालीं पुन्हां निवडून आलेहि. आपल्याकडे पुण्यानें २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बससाठीं राखीव मार्गिकेचा प्रयोग केला, २०१६ मध्यें नगर रस्त्यावरहि केला. पुढें नगर रस्त्यावरील मार्गिकेचा बराचसा भाग उखडण्यांत आला. मार्गिका आंखणारे अभियंते असतात, पण मोटारवाल्यांची ओरड सुरू झाल्यावर ती टिकवून धरणें हें अभियंत्यांचें काम नव्हे. त्याला निवडून आलेलीं माणसें लागतात, आणि त्या माणसांच्या मागें मतदार आहेत हें त्यांना दिसावें लागतें. म्हणूनच पाठिंबा मनांतल्या मनांत न ठेवतां कागदावर द्यावा असें मी म्हणतों. मोटारवाला मोठ्यानें ओरडतो, पायीं चालणारा मुकाट बाजूला होतो. उमेदवाराच्या कानावर एकाचाच आवाज जातो.

आमच्या प्रभागांत त्या बाई हरल्या. माझा विद्यार्थी निवडून आला. एकशें चौदा सह्यांनीं निकाल फिरला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. निकालानंतर पंधरवड्यानें मी तोच कागद घेऊन त्याच्या कचेरींत गेलों. जातांना पाय जड झाले होते. त्यानें उठून मला खुर्ची दिली, चहा मागविला, आणि कागद पुन्हां एकवार वाचला. शाळेसमोरील उंचवट्याच्या प्रश्नापुढें त्यानें सही केली. बस किती मिनिटांनीं यावी हें सभागृहांत विचारीन म्हणून दुसऱ्यापुढें केली. थांब्यावरील दिव्यापुढें केली. दुचाक्या-मोटारींच्या प्रश्नाशीं त्याचें पेन थांबलें. "ही जागा कोरी राहूं द्या, गुरुजी," तो म्हणाला. मीं ती कोरी राहूं दिली.

शाळेसमोर ओलांडण्याचे पांढरे पट्टे मारून झाले आहेत. उंचवटा अद्याप व्हावयाचा आहे. कंडक्टर आणि मी दोन शनिवार त्या दुकानांच्या दाराशीं वही घेऊन उभे राहिलों, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकीं किती वाहनावरून आलीं व किती पायीं आलीं तें मोजलें. पायीं येणारीं बरींच अधिक निघालीं. येत्या रविवारीं तो हिशेब घेऊन आम्ही दुकानदारांना भेटणार आहों. माझा विद्यार्थीहि बरोबर येतों म्हणाला आहे.